लंडनचे पोपट राहू द्या, सेव्हिलचे हटवा

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात मारिया लुईसा ही जुनी बाग आहे. तिथल्या म्हाताऱ्या झाडांना ढोल्या आहेत आणि त्या ढोल्यांत युरोपातले सर्वांत मोठे वटवाघूळ राहते: ग्रेट नॉक्टूल. हे वाघूळ रात्री हवेत उडणारे छोटे स्थलांतरी पक्षी पकडून खाते. असे करणारी वाघळे साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी. युरोपात ते दुर्मीळ आणि विखुरलेले, पण या एका बागेत त्याची मोठी वसाहत होती. मग तिथे पोपट आले. कुठला अनोळखी पक्षी नव्हे; लाल चोचीचा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी मिरवणारा आपला राघूच. १४ वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला तेव्हा बागेतले पोपट वीसपट झाले होते आणि वाघळे ज्या झाडांत राहत, त्या झाडांची संख्या ८१ टक्क्यांनी घटली होती. पोपट वाघळांना ढोलीतून हुसकावत होते, चोचीने फाडून मारत होते. पोपट कमी करण्याची योजना आखली गेली, प्राणिप्रेमी संघटनांनी विरोध केला आणि ती बारगळली.

याच जातीचे पोपट लंडनमध्येही आहेत. ब्रिटनभर त्यांच्या सुमारे १२,००० जोड्या घरटी करतात असा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेक लंडनच्या आसपास आहेत. हाइड पार्क, क्यू, रिचमंड अशा तिथल्या बागांत ते संध्याकाळी थव्याने येतात, रातथाऱ्याच्या झाडांवर हलकल्लोळ करतात, सकाळी पुन्हा निघतात. त्यांचा त्रास होतोच. पण सेव्हिलच्या वाघळासारखा एखादा जीव तिथे त्यांच्यापायी नामशेष व्हायच्या वाटेवर आहे का, असे विचारले तर समोर ठेवायला फारसे काही सापडत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. सेव्हिलचे पोपट हटवायला हवे होते, गोळ्या घालून हटवावे लागले असते तरीही. आणि लंडनच्या पोपटांना आता हात लावू नये. एकाच पक्ष्याला दोन न्याय कसे, असे कोणी विचारील. पण न्याय पक्ष्याचा करायचाच नाहीये. तो पक्षी त्या ठिकाणी काय करतो आहे आणि आपण त्याबाबत आता काय करू शकतो, एवढेच ठरवायचे आहे.

हटवण्याच्या बाजूने पहिला मुद्दा हटकून परकेपणाचा येतो. पक्षी इथला नाही, म्हणून त्याने जावे. मला या मुद्द्यात फारसा दम वाटत नाही. लंडनच्या रस्त्यांवर सावली धरणारे प्लेन वृक्ष संकरित आहेत आणि त्यांच्या आईबापांपैकी एक अमेरिकेचा. बागेतली करडी खार अमेरिकेतून आणलेली. चौकातले कबुतर पाळीव कबुतरांचा सुटलेला वंश. शहर म्हणजे आणलेल्या आणि सुटलेल्या जिवांचाच कारभार असतो. त्यात एका हिरव्या पक्ष्याचा तेवढा जन्मदाखला तपासायचा, याला काही अर्थ नाही.

समोरची बाजूही तितकीच आळशी आहे. पोपट हटवण्याची भाषा म्हणजे स्थलांतरित माणसांच्या द्वेषाचीच दुसरी आवृत्ती, असे हल्ली वारंवार लिहिले जाते. ऐकायला बरे वाटते, पण वाघळाला पोपट कुठून आला याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याची ढोली गेलेली असते. पोपटाला माणसाचे रूपक करून टाकले की वाघळाचा प्रश्न आपोआप अदृश्य होतो, आणि रूपक करणाऱ्याला आपण दुर्बलाची बाजू घेतली असे समाधानही मिळते. खरा दुर्बल तिथे ढोलीबाहेर, फाटक्या पंखांनिशी पडलेला असतो.

परकेपणाचा मुद्दा किती ठिसूळ आहे ते ऑस्ट्रेलियात दिसते. तिथला इंद्रधनुषी रंगांचा रेनबो लॉरिकीट हा पोपट देशाच्या पूर्व किनाऱ्याचा मूळ रहिवासी. पश्चिमेकडच्या पर्थमध्ये मात्र तो १९६० च्या दशकात सुटलेल्या दहाएक पक्ष्यांपासून वाढला आणि आज हजारोंच्या घरात आहे. स्थानिक पोपटांच्या ढोल्या तो बळकावतो, फळबागा उष्टावतो, म्हणून तिथे तो अधिकृतपणे उपद्रवी ठरला आहे. देश तोच, पक्षी तोच. मोजला जातो तो उपद्रव, आणि मोजायला हवा तो उपद्रवच.

हे पोपट शहरांत पोचले कसे, याच्या गमतीदार दंतकथा आहेत. लंडनच्या पोपटांचे श्रेय कोणी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला देते. म्हणे त्याने कार्नबी स्ट्रीटवर एक जोडी सोडून दिली. कोणी सांगते, एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी आणलेले पक्षी स्टुडिओतून निसटले. २०१९ साली लंडनच्याच क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी गुन्हेगाराचा ठावठिकाणा शोधण्यासाठी पोलीस जी नकाशा-पद्धत वापरतात तीच पोपटांच्या जुन्या नोंदींवर चालवून पाहिली. या कथांतल्या जागांकडे बोट दाखवणारे काहीही निघाले नाही. पोपट ब्रिटनमध्ये सुटे फिरताना एकोणिसाव्या शतकापासून दिसत होते. अनेक ठिकाणांहून, अनेक वर्षे, थोडेथोडे सुटत होते. याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. १९२९-३० च्या सुमारास पोपटांपासून माणसाला होणाऱ्या सिटॅकोसिस या तापाची भीती वर्तमानपत्रांतून पसरली होती, आणि अशा बातम्यांनी धास्तावलेल्या लोकांनी आपले पाळलेले पक्षी खिडकी उघडून सोडून दिले असावेत. अमेरिकेत तर १९३० साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांच्या आयातीवरच बंदी घातली. आज पोपट हटवा म्हणणारे रोगाची भीती दाखवतात. तीच भीती एके काळी पोपट सुटायला कारण झाली असेल, तर त्या मुद्द्याकडे जरा जपूनच पाहावे.

ब्रुसेल्सची कथा मात्र दंतकथा नाही. १९७४ साली तिथल्या एका मनोरंजन उद्यानाच्या संचालकाने, शहर जरा रंगीत व्हावे म्हणून, चाळीसएक पोपट मुद्दाम मोकळे केले. आज ते हजारोंनी आहेत. या चाळीस पक्ष्यांची गोष्ट लोक हसत सांगतात, पण मुळात ते चाळीस पक्षी बाजारात मिळाले कुठून, हे कोणी विचारत नाही. उत्तर सरळ आहे: घाऊक पकडून, घाऊक पाठवून. युरोपातल्या या पोपटांचे जनुकीय धागे मुख्यतः भारतीय उपखंडाच्या उत्तर भागाकडे जातात. हिमालयाच्या पायथ्याची थंडी सोसलेल्या वंशाला युरोपी हिवाळ्याची फार पत्रास वाटली नाही, त्यातून शहरे आसपासच्या रानापेक्षा उबदार आणि घरोघरी बागेत दाणे टांगलेले.

दुसरी मोठी जात म्हणजे दक्षिण अमेरिकेचा मंक पॅराकीट, राखाडी छातीचा. त्याची कथा तर अधिकच बोलकी आहे. अर्जेंटिनात तो पिकांचा शत्रू मानला जाई. १९५८ ते १९६० या काळात तिथे मारलेल्या पक्ष्यांच्या पायांच्या जोड्यांवर बक्षीस ठेवले गेले आणि चार लाखांहून अधिक जोड्या जमा झाल्या. पक्षी संपला नाही. मग याच पक्ष्याला पकडून परदेशी पिंजऱ्यांत विकायला सुरुवात झाली. १९६८ ते १९७२ या चार-पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत ६४,००० हून अधिक पक्षी आले. स्पेनने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वीस वर्षांत दीड लाखाहून अधिक मागवले. ज्याला घरी कीड म्हणून मारत होते त्याची निर्यात झाली, आणि घेणाऱ्या देशाने वीस वर्षांनी त्याला पुन्हा कीड ठरवले. मधल्या काळात नफा ज्यांनी कमावला त्यांना आजवर कोणी बिल पाठवलेले नाही. बिल येते ते महापालिकेला.

आता खरा मुद्दा, काळाचा.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तर भागात १९९० च्या दशकात कोणीतरी हाच रेनबो लॉरिकीट सोडत होते. संख्या दोनशेच्या आसपास गेली. सरकारी निसर्गसंवर्धन खात्याने वाट पाहिली नाही. पक्षी पकडून काढून टाकले. लोक नाराज झाले, कारण पक्षी अतिशय देखणा आहे. पण आज ऑकलंडपुढे लॉरिकीटचा प्रश्न नाही, आणि पर्थपुढे आहे. पर्थचे सुरुवातीचे पक्षी ऑकलंडपेक्षाही कमी होते. फरक पडला तो कोणी कधी हालचाल केली याचा.

सेशेल्सचे उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते. तिथे प्रालिन बेटावर काळा पोपट घरटी करतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. शेजारच्या माहे बेटावर पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंची संख्या वाढत होती. ते समुद्र ओलांडून प्रालिनला पोचले असते तर ढोल्यांसाठी भांडण झाले असते. त्याहून मोठी भीती पोपटांच्या चोचीला आणि पिसांना होणाऱ्या विषाणुजन्य रोगाची होती, जो काही शेकड्यांच्या त्या काळ्या पोपटांना पुरून उरला असता. काही वर्षे मोहीम चालली. ५४८ पक्षी मारले गेले. शेवटचा २०१७ साली. मग दोन वर्षे थांबून, कुठे एखादा उरलेला नाही याची खात्री करून, २०१९ मध्ये माहे राघूमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

५४८ राघू मारले, हे वाक्य लिहिताना मलाही बरे वाटत नाही. हुशार पक्षी, जोडीने राहणारा, ओळख ठेवणारा. पण ही संख्या ५४८ वर थांबली याचे कारण मोहीम वेळेवर झाली. वीस वर्षे उशीर झाला असता तर आकडा कितीतरी पट झाला असता आणि काळा पोपट कदाचित राहिलाच नसता.

म्हणूनच माद्रिदचा इतिहास वाचताना मला चीड येते. तिथे २००५ साली मंक पॅराकीट १,७०० च्या आसपास होते. २०१९ मध्ये मोजणी १३,००० च्या घरात गेली. तेव्हा शहराने बहुतांश पक्षी कमी करण्याची, जवळपास तीस लाख युरोंची योजना जाहीर केली: जाळ्यांनी पकडून मारायचे, अंडी निकामी करायची. कारणे काय दिली? घरटी फार जड होतात, फांदी मोडून खाली कोणाच्या डोक्यात पडतील, आवाजाच्या तक्रारी, स्थानिक पक्ष्यांना त्रास. यांतले पहिले कारण खरे आहे. पोपटांच्या जगात स्वतः काटक्यांचे घरटे बांधणारा हाच एक. बाकीचे बहुतेक ढोल्यांत राहतात. आणि हा नुसते घरटे बांधत नाही, चाळ बांधतो. एकमेकांना लागून खोल्या, प्रत्येकीला वेगळे दार, वर्षानुवर्षे नवी भर. मोठे घरटे शंभर किलोंच्या वर जाऊ शकते. पण जड घरट्यांचा उपाय घरट्यांची छाटणी हा असतो. त्यासाठी दहा हजार पक्षी मारावे लागत नाहीत.

सारागोसा या स्पेनच्याच शहराने हवेच्या बंदुकांनी मंक पॅराकीट जवळपास संपवले, हे मला ठाऊक आहे. म्हणजे ठरवले तर जमते. तिथे संख्या माद्रिदच्या मानाने बरीच कमी होती आणि काम झटपट उरकले. माझा आक्षेप 'जमत नाही' हा नाहीच. हजारो पक्षी मारायचे तर त्यामागे त्या हजारोंच्या तोलाचे कारण हवे, एवढेच म्हणणे आहे. सेव्हिलकडे असे कारण होते. 'आवाज फार करतात' हे कारण त्या तोलाचे नाही. शहरात राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या कोणाच्या आवाजाबद्दल बोलावे हेच जरा गमतीचे आहे.

इथे प्राणिप्रेमी मंडळींशी माझे जरा कडक भांडण आहे. वसाहत पन्नास पक्ष्यांची असते तेव्हा ती मोडायला विरोध करणे सोपे असते. पक्षी सुंदर, संख्या किरकोळ, सरकार क्रूर; बातमीचा सगळा ऐवज तयार. पण ज्या पन्नासांना वाचवल्याचे समाधान मिळते त्यांतूनच पंधरा वर्षांनी पाच हजार होतात, आणि तेव्हा जी जाळी लागतात त्यांत पन्नासांच्या शंभरपट जीव जातात. दयेचा हिशेब आजच्या पक्ष्यांपुरता ठेवून चालत नाही. ब्रिटनने मंक पॅराकीटच्या बाबतीत हे ओळखले. २०११ च्या सुमारास तिथे या जातीचे सारे मिळून दीडशेच्या आसपास पक्षी होते. सरकारने घरटी काढली, काही पक्षी पकडले, काहींना गोळ्या घातल्या. परिसरातल्या रहिवाशांनी निषेध केला. मी त्या बाबतीत सरकारच्या बाजूचा आहे. राघूच्या बाबतीत जी संधी त्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी गमावली ती दुसऱ्या पोपटाच्या वेळी गमावली नाही.

अर्थात उशिराचा दोष एकट्या प्राणिप्रेमींवर टाकणे अन्यायाचे होईल. पन्नास पक्षी असताना ते कोणाच्याच खात्याचा विषय नसतात. उद्यान विभागाला वाटते हे वन्यजीव विभागाचे काम, वन्यजीव विभागाला वाटते पाळीव पक्षी सुटलेत, आपला संबंध नाही. तक्रार नाही म्हणून तरतूद नाही, तरतूद नाही म्हणून मोजणी नाही. स्थानिक वर्तमानपत्रात बर्फाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या हिरव्या पक्ष्याचा फोटो येतो आणि लोकांना गोड वाटते. संख्या दहा हजारांवर गेली की मग समिती बसते.

दहा हजारांवर गेलेल्या पक्ष्यांचे गणितही वेगळे असते. हे पक्षी दीर्घायुषी, हुशार, आणि सुरुवातीची वर्षे सोडली की भराभर वाढणारे. दर वर्षी जेवढी भर पडते त्याहून जास्त काढले तरच संख्या उतरते. तेवढे काढले नाहीत तर उरलेल्यांना दाणे मुबलक आणि ढोल्या रिकाम्या मिळतात, आणि पुढच्या हंगामात भरपाई होते. इंग्लंडमध्ये २०१० पासून शेतीचे नुकसान टाळण्यासारख्या कारणांसाठी जमीनमालकांना राघू मारायची सर्वसाधारण परवानगी आहे. तरी पक्षी पसरतच गेले. अर्धवट मारणे हा सगळ्यांत वाईट पर्याय: रक्तही सांडते आणि प्रश्नही तिथेच राहतो.

अर्धवटपणाचा नमुना विजेच्या खांबांवर दिसतो. मंक पॅराकीटला ट्रान्सफॉर्मरची ऊब आवडते. फ्लोरिडात आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर त्यांची घरटी खांबांवर चढतात, ओल्या काटक्यांतून शॉर्टसर्किट होते, आगी लागतात, वीज जाते. हा खराखुरा त्रास आहे; रुग्णालयाची वीज जाणे ही पक्षिप्रेमाने सोसायची गोष्ट नव्हे. पण २००५ च्या अखेरीस कनेटिकट राज्यात वीज कंपनीने घरटी उतरवताना १७९ पक्षी पकडून सरकारी खात्याच्या हवाली केले आणि ते वायूने मारले गेले. गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेले. कनेटिकटच्या किनाऱ्यावर मंक पॅराकीट आजही आहेत. नुसते घरटे उतरवले तर पक्षी काही दिवसांत पुन्हा काटक्या रचायला लागतात, कधी त्याच खांबावर, कधी शेजारच्या. फ्लोरिडात दाण्यांतून गर्भरोधक द्रव्य देण्याचे प्रयोगही झाले आणि पिलांची संख्या बरीच घटली. अडचण एवढीच की तेच दाणे इतर पक्षीही खातात. शेवटी काम येते ते कंटाळवाणे काम: घरटे लहान असतानाच, पिले नसताना, दर वर्षी, न चुकता उतरवत राहणे. त्याची बातमी होत नाही म्हणून त्याला पैसा मिळत नाही.

शिकागोचे प्रकरण वेगळे आहे आणि मला ते आवडते. तिथे हाइड पार्क भागात १९७० च्या दशकापासून मंक पॅराकीटची वसाहत आहे. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन त्या झाडांसमोरच राहत आणि या पक्ष्यांना शुभशकुन मानत. १९८७ मध्ये महापौर गेले. पुढच्या वर्षी अमेरिकी कृषी खात्याने घरटी काढायचे ठरवले. रहिवाशांनी बचाव निधी उभारला, कोर्टात खेचण्याची तयारी केली, खात्याने पाय मागे घेतला. कृषी खात्याचा धसका अगदी निराधार नव्हता. अर्जेंटिनातले नुकसान त्यांच्यापुढे होते. पण मक्याच्या पट्ट्यावर टोळधाडीसारखे पोपट येतील ही भीती अमेरिकेत आजवर खरी ठरलेली नाही. शिकागोच्या लोकांकडे शास्त्रीय पुरावा नव्हता, प्रेम होते. त्यांचा निर्णय बरोबर निघाला तो काहीसा नशिबाने. सेव्हिलमध्येही लोकांकडे प्रेमच होते, आणि तिथे नशिबाने साथ दिली नाही. प्रेमाच्या जोरावर दिलेला निकाल कधी बरोबर येतो, कधी चुकतो. त्यावर धोरण उभे करता येत नाही.

जाता जाता: अमेरिकेचा स्वतःचा एक पोपट होता, कॅरोलायना पॅराकीट. हिरवा, पिवळ्या डोक्याचा. थव्यातला एक पडला की बाकीचे त्याच्याभोवती घिरट्या घालत, त्यामुळे शेतकऱ्यांना थवेच्या थवे टिपता येत. जंगले तुटली, टोप्यांसाठी पिसे गेली. शेवटचा पक्षी १९१८ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. अमेरिकी शहरांत आलेल्या नव्या पोपटांकडे काही लोक हळवेपणाने पाहतात त्यामागे ही पोकळी असावी. मंक पॅराकीट त्याची जागा घेतो असे म्हणणे शास्त्राला धरून नाही, पण हळवेपण समजण्यासारखे आहे.

आता पुन्हा लंडन. तिथे काहीच करू नये असे मी म्हणत नाही. बेल्जियममधल्या अभ्यासात असे दिसले की जिथे ढोल्या कमी आहेत तिथे राघू नटहॅचला, म्हणजे आपल्या शिलिंद्रीच्या युरोपी भाऊबंदाला, मागे सारतो; कारण राघू हंगामाच्या आधीच ढोली धरून बसतो आणि शिलिंद्री उशिरा येते. ब्रिटनमध्ये मात्र २०११ सालच्या अभ्यासात देशपातळीवर शिलिंद्रीवर असा परिणाम आढळला नाही. लंडनमध्ये बागेतल्या दाण्यांच्या भांड्यांजवळ पिंजऱ्यात राघू ठेवून पाहिले तेव्हा लहान पक्षी यायचे कमी झाले. म्हणजे त्रास शून्य नाही. पण या त्रासावरचे उपाय बंदुकीशिवायचे आहेत. दाण्यांच्या भांड्याभोवती असा जाळीचा पिंजरा लावता येतो की ज्यातून चिमणीएवढा पक्षी आत जातो आणि पोपट बाहेर राहतो. लहान तोंडाच्या घरट्यांच्या पेट्या लावता येतात. जुनी, वाळलेली, ढोल्यांची झाडे 'धोकादायक' म्हणून सरसकट तोडणे थांबवता येते. ढोल्यांची टंचाई मुळात पोपटांनी आणलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २००७ मध्ये सार्वजनिक बागांत तिथल्या लाल डोक्याच्या पोपटांना खाऊ घालायला बंदी केली आणि त्या बंदीला पोपटांचा सांभाळ करणाऱ्या माणसानेच पाठिंबा दिला. आयते खाणे बंद करा, पण पक्ष्याला राहू द्या, ही भूमिका मला पटते. एव्हाना लंडनच्या बहिरी ससाण्यांनाही पोपट शिकार म्हणून ठाऊक झाला आहे. ते काम आपल्यापेक्षा ते नीट करतील.

आणि दार बंद करणे. युरोपीय संघाने २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने रानपक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायम केली. हेतू रोगाचा होता, पण नव्या वसाहती रोखण्यासाठी आजवर उचललेल्या पावलांत एवढे मोठे दुसरे पाऊल नसेल. स्पेनने पुढे या पोपटांची विक्री आणि पाळणेच बंद केले. ब्रिटनमध्ये राघू सोडणे गुन्हा आहे, पाळणे नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या प्रत्येक पोपटाच्या पायात कडी आणि मालकाच्या नावाची नोंद असायला हवी, म्हणजे सुटला तर कोणाचा हे कळेल, आणि पकडण्याचा खर्च सगळ्या शहराने भरण्याऐवजी त्या एका माणसाने भरावा.

एक गुंता मात्र या सगळ्या मांडणीत नीट बसत नाही. पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा इंडोनेशिया आणि पूर्व तिमोरच्या बेटांवरचा. पिंजऱ्यांच्या व्यापाराने तो तिथे अस्तंगत होत आला. हाँगकाँगमध्ये पाळीव पक्ष्यांतून सुटलेले सुमारे दोनशे काकाकुवे भर शहरातल्या झाडांवर राहतात, आणि ही दोनशेची वसाहत म्हणजे रानात उरलेल्या साऱ्या काकाकुव्यांचा जवळपास दहावा हिस्सा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शहरांत मेक्सिकोचा लाल डोक्याचा अ‍ॅमेझॉन पोपट असाच वाढला आहे. तिथली संख्या त्याच्या मूळ रानातल्या संख्येच्या तोडीची असावी. हे पक्षी परके आहेत, ढोल्याही बळकावतात. तरी त्यांना हटवा म्हणण्याची माझी तयारी नाही, आणि बहुधा कोणाचीच नसावी. हाँगकाँगमध्ये उलटा धोका आहे: पिंजऱ्यात जन्मलेल्या काकाकुव्यांची विक्री कायदेशीर असल्यामुळे बागेतले पक्षी चोरून त्याच दुकानांत खपवता येतात. पिसातल्या रासायनिक खुणांवरून पक्षी रानातला की पिंजऱ्यातला हे ओळखण्याची चाचणी तिथल्या संशोधकांनी आता तयार केली आहे. दुकानदारांवर ती सक्तीने लागू करायची की नाही, हे मात्र प्रयोगशाळेत ठरत नाही.